घर सरकतंय कुठे?

ती छपरावर चढली तेव्हा शिडी होती. उतरायला निघाली तेव्हा नव्हती.

काम तसं किरकोळ होतं. छपराच्या टोकाला बसवलेल्या ताटलीएवढ्या यंत्राची वायर सैल झाली होती, ती घट्ट करायची आणि खाली यायचं. घरमालक काका ‘खुशाल चढा’ म्हणाले होते आणि स्वतः बाजारात निघून गेले होते. तिने हाका मारल्या. गोठ्यातल्या तांबड्या गाईने तेवढी ओ दिली. मग पाऊस भुरभुरायला लागला आणि ती पत्र्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली… उडी मारावी की नको, या विचारात.

बऱ्याच वेळाने मागच्या फाटकातून एक माणूस आला. पायात गमबूट, अंगभर चिखल, खांद्यावर शिडी. त्याने शिडी गोठ्याच्या भिंतीला टेकवली आणि नळावर निवांत हात धुवायला लागला.

“ती शिडी मला हवी आहे,” ती वरून म्हणाली.

त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि शेवटी वर.

“द्यायला हरकत नाही,” तो म्हणाला. “पण तुम्ही आमच्या छपरावर काय करताय, ते कळलं तर बरं होईल.”

“सध्या भिजतेय.”

तो घाईघाईने शिडी घेऊन आला. वरच्या वळणावर एक वासरू चरात पडलं होतं, त्याचा पाय मोडला होता, त्याला उचलून आणायला काहीतरी आडवं हवं होतं म्हणून शिडी नेली, असं त्याने सांगितलं. वर कुणी बसलं असेल हे त्याला कसं कळणार?

“वर कुणी नसताना शिडी छपराला कशाला लावलेली असेल?” तिने विचारलं.

त्याने यावर खरोखरच विचार केला. “बरोबर आहे,” तो म्हणाला. “वासराच्या नादात डोकं चाललं नाही.”

ती उतरत असताना त्याने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि मान मुद्दाम दुसरीकडे वळवली होती. ते मान वळवणं तिच्या लक्षात राहिलं. का राहिलं, ते तिला सांगता आलं नसतं.

ती भूरूपशास्त्राची संशोधक होती. डोंगर, दऱ्या, नदीकाठ आज जसे दिसतात तसे का दिसतात आणि उद्या कसे दिसतील, हे शोधणं तिचं काम. त्या गावाच्या मधून एक ओढा जात होता. ओढ्याच्या एका उतारावर घरं होती, समोरच्या उतारावर तिचं संशोधन केंद्र. घरांचा उतार हळूहळू सरकतो आहे का, हे पाहायला केंद्राने काही छपरांवर यंत्रं बसवली होती. यंत्रं उपग्रहांच्या मदतीने आपली जागा टिपत आणि ती जागा केंद्राच्या अंगणातल्या एका काँक्रीटच्या खांबापासून मोजली जाई. खांब पक्क्या खडकावर आहे, तो हलत नाही, असं धरून पुढचं सगळं गणित. गावातले लोक तिला मोजणीबाई म्हणत. तिला ते आवडत नसे, पण हाक आली की ती वळून बघे.

शिडी पळवणारा तो काकांचा मुलगा. गुरांचा डॉक्टर. दवाखाना खालच्या रस्त्यावर, घर वर. आई जाऊन बरीच वर्षं झालेली, मोठी बहीण लग्न होऊन खाली सपाटीवरच्या शहरात, आणि घरात हे दोघे बापलेक.

दर आठवड्याला यंत्राची बॅटरी बदलायला तिला त्या घरी जावं लागे. आणि दर आठवड्याला तो नेमका घरी असे.

“आज आमचं घर कुठवर पोचलं?” तो विचारी.

“मागच्या वेळेपेक्षा केसभर पुढे.”

“मग चहा आत्ताच घ्या. पुढच्या वेळी घर इथेच सापडेल असं नाही.”

ती हसू दाबत असे आणि चहा घेत असे. या वेळेला दवाखाना बंद असतो, असं तो म्हणाला होता. पण एकदा येताना तिने पाहिलं, तर दवाखान्याच्या पायरीवर एक म्हातारी शेळीला मांडीशी धरून बसली होती आणि डॉक्टर येतो सांगून कुठे गेले म्हणून चौकशी करत होती. म्हणजे तो खोटं बोलत होता? कशासाठी? त्या दिवशी तिने चहा नको म्हणून सांगितलं, वाटेत तिला वाईट वाटलं, आणि पुढच्या वेळी दोन कप घेतले.

तो तसा सगळ्यांशीच छान बोलायचा, हीच तर पंचाईत होती. शेजारीण आजारी कोंबडी घेऊन आली, तरी मान एका बाजूला कलती करून, डोळे बारीक करून, जगात दुसरं काही महत्त्वाचं नसल्यासारखा तो तिचं ऐकून घ्यायचा. आणि ती स्वतः दगडांविषयी, उताराविषयी बोलायला लागली की अगदी तसाच ऐकायचा. मग यात आपलं असं वेगळं काय? फोनवर आईने विचारलं, कोण आहे हा? ती म्हणाली, कुणी नाही. आई म्हणाली, कुणी नाही, तर प्रत्येक बोलण्यात त्याचा विषय कसा निघतो? तिने आवाज नीट येत नसल्याचं सांगून फोन ठेवून दिला.

त्यातच आकडे तिला छळायला लागले. घर ओढ्याच्या दिशेने सरकत होतं. अगदी थोडं, पण सतत. इथवर ठीक, उतारावरची जमीन सरकली तर ओढ्याकडेच सरकणार. पण तेच आकडे सांगत होते की घर वरही उचललं जातंय. घसरणारी वस्तू वर कशी चढेल? आणि आजूबाजूची घरंही तेवढीच, त्याच दिशेने… जणू सगळी हातात हात घालून निघाली होती.

तिने ते मॅडमना दाखवलं. मॅडम केंद्राच्या प्रमुख. शिस्तीच्या, कमी बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, उंचीचे आकडे नेहमीच ढोबळ येतात, त्यांच्या मागे लागू नकोस. अख्खा उतार एकसंध सरकतोय हे जास्त गंभीर आहे, आणि जोराचा पाऊस सुरू व्हायच्या आत नगरपालिकेच्या कानावर घालायला हवं. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. माणसांच्या जिवाचा प्रश्न होता. मॅडमनी कळवलं, आणि नगरपालिकेने त्या उतारावरच्या लोकांना घरं रिकामी करायची तयारी ठेवायला सांगितलं.

आता काकांसमोर कोणत्या तोंडाने जायचं, हे तिला कळेना. ती गेली तेव्हा काका माळ्यावरून ट्रंक काढत होते आणि शीळ घालत होते. त्यांना किती दिवसांपासून मुलीकडे जाऊन राहायचं होतं. तिथे नातवंडं होती, संध्याकाळी गप्पा मारायला चार समवयस्क होते, गुडघ्यांना चढ नव्हता. पण बापाने बांधलेलं घर सोडून जायचं कसं, म्हणून ते अडून राहिले होते.

“आता घरच निघालंय म्हटल्यावर मी कशाला मागे राहू?” काका म्हणाले, आणि तिच्या हातात नेहमीच्या लाडूऐवजी सुतळीचा गुंडा दिला. “धर जरा. ही गादी बांधू.”

गादी बांधून झाल्यावर डॉक्टरने चहा आणला. त्या दिवशी तो घर कुठवर पोचलं ते विचारायला विसरला. शहरातल्या जनावरांच्या मोठ्या इस्पितळातून त्याला बरेच दिवस बोलावणं येत होतं, असं त्याने सांगितलं. बाबा आणि घर, या दोन कारणांनी तो नाही म्हणत आला होता. आता दोन्ही कारणं एकदमच गेली. 

“तुम्हाला काय वाटतं,” त्याने विचारलं, “जावं का मी?”

तिने कप खाली ठेवला. आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं. “उतार धोक्याचा आहे. घर सोडलेलं बरं.”

“घराचं नव्हतो विचारत,” तो म्हणाला, आणि कप उचलून आत गेला.

ओढ्यावरच्या पुलावरून परत येताना ती स्वतःवर चरफडत होती. काय म्हणायला हवं होतं? घर खरंच सरकत असेल तर तो जाणार, आणि ती मोजमापं घेत इथेच राहणार. घर सरकत नसेल तर तो राहणार, पण मग मोजायचं काही उरणार नाही आणि तिची बदली होणार. दोन्हीकडून तेच. मग आपल्याला नेमकं काय हवंय, घर जायला हवंय की राहायला? की घराचा यात संबंधच नाही? ती पुलाच्या मध्यावर थांबली, कठड्याला रेलली, आणि काहीही न ठरवता पुढे निघाली.

दोनच दिवसांनी तो केंद्रात आला. पहिल्यांदाच. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात चक्क बूट. तिच्या खोलीत उभ्याने राहूनच तो म्हणाला, की उद्या तो शहरात जातोय, त्या इस्पितळाच्या लोकांना भेटायला. त्याआधी एक बोलायचं होतं.

“बोला ना,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

बाहेर व्हरांड्यात केंद्रातले दोन कारकून भलतेच रेंगाळत होते. त्याने वळून दार लोटलं. दार लागेना. त्याने जोर लावला. वरचा कोपरा चौकटीत अडकला आणि खाली बोटभर फट राहिली.

“जरा उचलून ढकला,” ती सवयीने म्हणाली. “हे दार असंच आहे. भर उन्हाळ्यात सुताराकडून तासून घेतलं, तरी पुन्हा…”

आणि ती बोलता बोलता थांबली. पावसात लाकूड फुगतं, दार अडकतं, हे ठीक. पण उन्हाळ्यात? तिने चौकटीकडे पाहिलं. चौकट एका अंगाला कलली होती. टेबलाखालून भिंतीकडे गेलेली फरशीची चीर तिने रोज पाहिली होती, आणि तरी आज पहिल्यांदा पाहिली.

“मी काय म्हणत होतो,” त्याने सुरुवात केली, “तुम्हाला विचित्र वाटेल, पण बरेच दिवस…”

“थांबा. एक मिनिट… दार…”

“राहू दे उघडं. मी तसंच सांगतो.”

“दार नाही हो. खांब!”

आणि ती त्याच्या बाजूने निसटून अंगणात पळत सुटली. खांबाभोवती फिरली, गुडघ्यांवर बसून बुडाशी गवत बाजूला केलं, तिथून धावत यंत्रांच्या खोलीत गेली. आठवण येऊन ती परत आली तेव्हा खोली रिकामी होती. डॉक्टर बराच वेळ उभे होते, असं एका कारकुनाने सांगितलं, आणि दुसऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिच्या हातून बशी फुटली होती.

त्याच्या मागे जावं, असं तिला वाटलं. पण आधी खात्री करायला हवी होती. त्या उतारावरची माणसं सामान बांधत होती.

तिने तो खांब हिशेबातून काढून टाकला. दूरच्या शहरांमधल्या कायमच्या मोजणी केंद्रांपासून सगळ्या जागा नव्याने काढल्या. संध्याकाळपर्यंत चित्र समोर आलं. काकांचं घर जागच्या जागी होतं. शेजारची घरंही. सरकत होता तो खांबच… ओढ्याकडे आणि थोडा खाली, अख्ख्या केंद्राला घेऊन. धावत्या गाडीत बसल्यावर बाहेरची झाडं पळताना दिसतात, तसं झालं होतं. आपण घसरत होतो, म्हणून समोरची घरं पुढे आल्यासारखी आणि वर चढल्यासारखी दिसत होती.

तिने मॅडमना बोलावून आणलं. मॅडमनी चित्र पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. तो खांब कुठे रोवायचा, ते त्यांनी स्वतः ठरवलं होतं, या नोकरीत नव्या असताना. तिला वाटलं, आता त्या काहीतरी शंका काढतील. त्यांनी फक्त फोन पुढे ओढला.

“नगरपालिकेला मीच सांगते,” मॅडम म्हणाल्या. “आणि उद्यापासून या इमारतीत कुणीही बसायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी ती सकाळीच काकांकडे गेली. ओसरीवर गाठोडी रचलेली होती. घर खडकावर आहे, अगदी पक्कं आहे, कुठेही जायची गरज नाही, सरकतंय ते आमचं केंद्रच, हे तिने एका दमात सांगितलं आणि चुकीबद्दल माफी मागितली. काकांचा चेहरा पार उतरला.

“नक्की?” त्यांनी विचारलं.

“अगदी नक्की.”

“पुन्हा एकदा मोजून बघ ना, बाळ.”

तिला हसावं की रडावं कळेना. काका बांधलेल्या गादीवर बसले आणि बराच वेळ सुतळीशी चाळा करत राहिले. मग उठून उभे राहिले.

“घर सरकत नसेल, तर नसू दे,” ते म्हणाले. “मी सरकतो.”

आणि त्यांचं सगळं झरझर ठरलं. तुमच्या मॅडमना बसायला जागा हवी असेल ना? मग पुढच्या खोल्या घ्या. रिकाम्या घराला वाळवी लागते. माझा मुलगा दवाखान्यामागच्या खोलीत राहील… म्हणजे, परत आला तर.

“गेले ते?” तिने विचारलं.

“पहाटेच्या गाडीने. काल तुमच्याकडून आला तो जेवलाच नाही. काय म्हणालीस त्याला?”

“दार,” ती म्हणाली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं. 

तिने त्याला फोन लावला. लागला नाही. घर पक्कं आहे, असा निरोप टाईप केला आणि पुसला. तो घराचं विचारत नव्हता. मग, सॉरी, असं लिहिलं आणि तेही पुसलं, कारण कशाबद्दल ते एका ओळीत मावेना. पुढचे दिवस सामान हलवण्यात गेले. केंद्राची टेबलं, कपाटं, नकाशांच्या गुंडाळ्या ओढ्यापलीकडे आल्या. काकांच्या मुलीने गाडी पाठवली आणि काका गेले. मॅडम म्हणाल्या, काम आता खरं सुरू झालं, केंद्राचा उतार किती खोलवर सरकतोय ते शोधायला दोन-तीन वर्षं जातील, आणि ते तूच करायचंस. म्हणजे ती राहणार होती. त्याच्या घरात, त्याच्या खिडकीपाशी टेबल लावून. आणि तो नव्हता. हे असं कसं जुळून आलं, याचा विचार करत ती खिडकीची काच पुसत होती, तेव्हा मागचं फाटक वाजलं.

तो होता. खांद्याला बॅग, शर्ट चुरगळलेला.

“ऐकलं मी,” तो अंगणातूनच म्हणाला. “घर पक्कं निघालं म्हणे.”

“हो.”

“छान झालं.”

“तुमचं… शहरातलं काय ठरलं?”

तो उत्तर देणार, तोच शेजारीण धापा टाकत आली. तिची गाय अडली होती. सकाळपासून कळा येत होत्या आणि वासरू बाहेर येत नव्हतं. त्याने बॅग खाली टाकली, आतून औषधांची पेटी आणि दोर घेतले, फाटकापाशी थबकला.

“धरायला कुणीतरी लागेल,” तो म्हणाला. “येता?”

तिने आयुष्यात गाईला हात लावला नव्हता. ती हातातलं फडकं घेऊनच निघाली.

गोठ्यात गवताचा आणि ओल्या अंगाचा उबदार वास भरला होता. पत्र्यावर पाऊस वाजत होता. त्याने बाह्या वर केल्या, आत हात घालून चाचपलं, वासराचे पुढचे दोन पाय हाताला लागले म्हणाला, आणि त्यांना दोर बांधले. एक दोर तिच्या हातात दिला. कळ आली की ओढायचं, कळ थांबली की थांबायचं, उगाच जोर करायचा नाही. शेजारीण गरम पाणी आणायला घरात गेली. ते दोघे गाईच्या मागे, दोर धरून, पुढच्या कळेची वाट बघत बसले.

“मी होकार दिला नाही,” तो गाईकडे बघत म्हणाला. “विचारून सांगतो, म्हटलं.”

“कुणाला विचारून?”

“त्या दिवशी तेच सांगायला आलो होतो. तुम्ही पळून गेलात.”

“मी तुमच्यापासून नव्हते पळाले…”

“ते नंतर कळलं. आधी दोन दिवस वाईट गेले.”

तिने दोर मनगटाला आणखी एक वेढा दिला. आता बोललो नाही तर पुन्हा भलतंच काहीतरी बोलून बसू, अशी तिला भीती वाटली.

“मला काही म्हणजे काही कळत नाहीये,” ती म्हणाली. “तुम्ही जावं असं वाटत नाही. पण राहा म्हणायचा मला काय अधिकार? आणि हे जे काय वाटतंय ते खरं आहे, की रोज चहा घ्यायची सवय झालीये… ते मला मोजता येत नाहीये.”

“मलाही येत नाही,” तो म्हणाला. “पण शहरात राहून गोंधळण्यापेक्षा इथे राहून गोंधळलेलं बरं, असं गाडीत बसल्या बसल्या वाटलं. म्हणून आलो.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो मान वळवून दुसरीकडे बघत नव्हता. आणि तेवढ्यात गाईने पाठ वाकवली, मोठी कळ आली, आणि त्याच्या ओल्या हातातून दोर सटकला.

“दोर धर!” ती ओरडली. “तू तिकडून ओढ, मी इकडून धरते. अरे, धर ना!”

त्याने धरला. दोघांनी मिळून ओढलं. आधी खूर आले, मग नाक, मग क्षणभर सगळं अडल्यासारखं झालं, आणि एकदम एक ओलं, लांबलचक, काळं वासरू गवतावर येऊन पडलं. त्याने त्याचं नाक-तोंड साफ केलं, गवताच्या मुठीने अंग चोळलं. वासरू शिंकलं. ती जमिनीवर फतकल मारून बसली होती, हातात दोर तसाच, आणि का कोण जाणे, डोळ्यांतून पाणी येत होतं.

गाय वळली आणि वासराला चाटायला लागली. तो बाजूला सरून तिच्याजवळ येऊन बसला.

“मघाशी काय म्हणालीस?” त्याने विचारलं.

“ते… मला मोजता येत नाही, असं.”

“नाही. त्याच्या नंतर.”

तिने आठवून पाहिलं. आठवलं, तशी ती कानांपर्यंत लाल झाली. त्यानेही आत्ता ‘म्हणालीस’ म्हटलं होतं, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

“दोर धर, म्हटलं,” ती हळूच म्हणाली.

“कुणाला?”

बाहेर शेजारणीची पावलं वाजली, कळशीतलं पाणी डुचमळलं. अजून एक क्षण होता.

“तुला,” ती म्हणाली.